सुट्टीतला पसारा: दोन आवरत्या वेळा, एक चादर आणि अर्धवट कामांचे ट्रे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. सुट्टी लागून दहा दिवस झालेत. तुम्ही घरून काम करता, नवरा ऑफिसला जातो. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, रोज आरडाओरडा होतो आणि रात्री साडेदहाला तुम्ही एकट्या आवरत बसता. तर झाकणाचे मोठे खोके मागवावेत का, आणि मुलांना आवरायची सवय किती दिवसांत लागेल?

खोके आत्ता मागवू नका. सवयीचं पुढे सांगते, ते उत्तर तुम्हाला फारसं आवडणार नाही.

लोकांची घरं लावून द्यायचं काम मी गेली चौदा वर्षं करतेय. सुट्टीच्या पहिल्या पंधरवड्यात मला सगळ्यात जास्त फोन येतात आणि त्यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं, "वर्षभर घर नीट असतं हो, आत्ताच काय होतं कळत नाही." होतं ते सरळ आहे. शाळेच्या दिवसांत मूल जागेपणी घरात असतं सहा-सात तास. सुट्टीत तेरा-चौदा. वस्तू हाताळल्या जातात दुप्पट. पण खरी गोम वेगळीच आहे. शाळा असताना घर दिवसातून दोनदा आपोआप जागेवर येतं. सकाळी निघायच्या घाईत दप्तर, बूट, डबा, बाटली हाताशी लागते, म्हणून ती ठरलेल्या जागी ठेवली जाते. मग मधले सहा तास कुणी काही हलवत नाही, तेवढ्यात कुणीतरी घरावरून हात फिरवून घेतं. सुट्टीत हे दोन्ही टप्पे गायब होतात. उठल्यापासून झोपेपर्यंत एकच लांबलचक दुपार असते आणि पसाऱ्यावर पसारा चढत जातो. चित्रांच्या कागदांवर पत्ते, पत्त्यांवर गाड्या, गाड्यांवर ओला टॉवेल. एकच थर असेल तर पाच मिनिटांत आवरतो. चार थर झाले की वीस मिनिटांत आवरत नाही, चाळीस लागतात. कारण आधी उपसायचं, मग निवडायचं, मग ठेवायचं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ते दोन टप्पे परत आणणं. घड्याळाची वेळ ठरवू नका, ती सुट्टीत कुणी पाळत नाही. रोज होणारच अशा आणि मुलांना हव्याशा वाटणाऱ्या गोष्टीच्या आधी आवरणं बसवा. दुपारच्या जेवणाआधी एकदा. संध्याकाळी बाहेर खेळायला जायच्या आधी, नाहीतर टीव्ही लावायच्या आधी एकदा. दहा मिनिटं, फार तर पंधरा. झोपायच्या आधीची वेळ बहुतेक घरांत ठरवली जाते आणि तीच सगळ्यात वाईट. पाच वर्षांचं मूल रात्री साडेआठला रडकुंडीला आलेलं असतं, तुम्हीही दमलेल्या असता, आणि आवरणं म्हणजे शिक्षा असं समीकरण होऊन बसतं. टायमरपेक्षा एखादं ठरलेलं गाणं चांगलं चालतं. रोज तेच गाणं. ते वाजलं की सगळे उठतात, संपलं की जे राहिलं ते राहिलं. "जे राहिलं ते राहिलं" हे जमवायला आयांनाच जड जातं, पण ते पाळा.

या दहा मिनिटांत तुम्हीही त्यांच्यासोबत जमिनीवर हव्यात. ओट्याजवळून सूचना देऊन काही होत नाही. आणि "आवर बघू" ही पाच वर्षांच्या मुलीसाठी सूचनाच नव्हे. तिला समोर दीडशे वस्तू दिसतात, त्यातली कुठली उचलायची ते कळत नाही, म्हणून ती एक उचलते आणि तिच्याशीच खेळायला बसते. तो हट्टीपणा नसतो. "सगळ्या गाड्या या टोपलीत" असं म्हणा. एका वेळी एकच प्रकार, एकच जागा. ते झालं की "आता पुस्तकं". मुलाला मात्र असं वस्तूवार सांगितलेलं अपमानास्पद वाटेल. त्याला जागा वाटून द्या: सोफा आणि सोफ्याखालचं सगळं तुझं.

खोके का नको म्हटलं? मोठा, खोल, झाकणाचा खोका म्हणजे अडगळीची खोलीच, फक्त लहान. आवरताना सगळं त्यात लोटता येतं, म्हणून दोन दिवस फार छान वाटतं. तिसऱ्या दिवशी मुलीला तळातली बाहुली हवी असते आणि ती सरळ खोका उलटा करते. पहिले पाढे पंचावन्न. मुलांच्या वस्तूंना उथळ, उघडी टोपली लागते. पालथं न घालता तळ दिसला पाहिजे, आणि एका हाताने वस्तू आत टाकता आली पाहिजे. झाकण उघडायचं, खण ओढायचा, मग ठेवायचं अशा तीन पायऱ्या असल्या की वस्तू खोक्यावर येऊन बसते, खोक्यात जात नाही. घरात असलेल्या पराती, बुटांच्या खोक्यांचे तळ, जुने ट्रे यांवर पंधरा दिवस काढा. त्यानंतर कसली टोपली आणि किती मोठी हे तुम्हालाच कळेल. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीतल्या वर्गांत अजूनही मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी उघडी कपाटं असतात, आणि मोजकंच साहित्य मांडलेलं असतं. शोभेसाठी केलेली ती मांडणी नव्हे. मुलाला स्वतःचं स्वतः काढता आणि ठेवता यावं हा हिशोब त्यामागे आहे. पाच वर्षांचं मूल साधारण 110 सेंटिमीटर उंच असतं. तिच्या टॉवेलची, टोपीची, पिशवीची खुंटी जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर हवी. आता जाऊन बघा, तुमच्या घरात ती दीड मीटरवर असणार, आणि टॉवेल पलंगावर.

आता मोजक्या साहित्याबद्दल. खेळणी कमी करा म्हटलं की आईवडील लगेच दान करायच्या पिशव्या भरायला घेतात. सुट्टीच्या मध्यावर ते करू नका, रडारड होते. टाकायचं काहीच नाही, फक्त तीन वाटण्या करून दोन माळ्यावर चढवायच्या. दर दहा दिवसांनी बदली. अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठात 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा चार खेळणी देऊन आणि एकदा सोळा खेळणी देऊन खेळताना पाहिलं. चार असताना मुलं प्रत्येक खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. तुमची मुलं त्याहून मोठी आहेत, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पण माळ्यावरून दहा दिवसांनी उतरलेली जुनी टोपली मुलं नवी असल्यासारखी धरतात, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की मला त्यासाठी अभ्यासाचीही गरज वाटत नाही. वाटण्या मुलांसमोर करा. जीव की प्राण असलेली दोन-तीन खेळणी कधीच वर जात नाहीत, ती कोणती हे मुलं सांगतील.

ठोकळ्यांबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलेय.

सुरुवातीच्या वर्षांत एका घरी जोडायच्या ठोकळ्यांचा हा एवढा ढीग होता. मी दीड दिवस बसून ते सगळे रंगांप्रमाणे वेगळे केले. अकरा पारदर्शक डबे, प्रत्येकावर छापलेली पाटी. इतकं देखणं दिसत होतं की मी फोटो काढून ठेवले. चौथ्या दिवशी गेले तर सगळे डबे रिकामे आणि ढीग पूर्ववत. आठ वर्षांच्या त्या मुलाने मला शांतपणे समजावलं, "मला निळा नको असतो हो, मला बिजागरीवाला हवा असतो." आणि त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. निळ्यांच्या डब्यात बिजागरीचा एक निळा तुकडा शोधणं महाकठीण, कारण सगळंच निळं. तेच बिजागऱ्या एका डब्यात असल्या तर त्यातली निळी लगेच डोळ्यात भरते. रंग डोळ्याला आपोआप दिसतो, आकार शोधावा लागतो. म्हणून वर्गवारी आकाराची हवी. त्यातही मोठ्या ठोकळ्यांची वर्गवारी करायचीच नाही. चाकं, माणसं, बिजागऱ्या असे चार-पाच बारके प्रकार तेवढे वेगळे ठेवायचे. मूल ज्या रीतीने वस्तू शोधतं त्या रीतीने ती लावली तरच ती लावलेली राहते. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाच्या वस्तूंना हात लावायच्या आधी विचारते, हे तू कसं शोधतोस?

उरलेल्या ढिगासाठी चादर. जुनी, जाड, पलंगाची. ठोकळे नेहमी चादरीवरच ओतायचे. खेळ संपला की चार कोपरे उचलायचे, गाठोडं टोपलीत. कोपऱ्यांना नाडी शिवून घेतली तर पाच वर्षांच्या मुलीलाही ओढून बांधता येतं. याहून चांगली वस्तू या कामासाठी मला अजून मिळालेली नाही, आणि ती प्रत्येक घरात आधीपासून असते.

तुमच्या पत्रातला एक वाक्यखंड मला महत्त्वाचा वाटला: "त्याचा अर्धवट किल्ला मी उचलला म्हणून तो दोन तास बोलला नाही." हा पसाऱ्याचा प्रश्न नाही. सुट्टीतला बराचसा पसारा चालू असलेल्या कामाचा असतो. अर्धं जोडलेलं कोडं, वाळत घातलेलं चित्र, उद्या पुढे न्यायचा खेळ. तो रोज मोडून "आवरा" म्हटलं की आवरण्याचाच राग येतो, आणि मुलांच्या बाजूने विचार केला तर तो रास्त आहे. आपलं अर्धवट काम टेबलावर तसंच राहतं, लॅपटॉप बंद केला की झालं. त्यांना तशी जागाच नसते.

तर प्रत्येकाला एक मोठा ट्रे द्या, किंवा पलंगाखाली सरकेल एवढी पुठ्ठ्याची नाहीतर प्लायवूडची फळी. साधारण 50 बाय 70 सेंटिमीटर पुरे. त्या ट्रेवर जे आहे त्याला कुणी हात लावायचा नाही, तुम्हीही नाही, धूळ पुसायलासुद्धा नाही. आवरायच्या वेळी ट्रे जसाच्या तसा पलंगाखाली जातो. नियम एकच: नवं मोठं काम काढायचं तर आधी ट्रे मोकळा करायचा. पहिले तीन-चार दिवस मुलगा तुमची परीक्षा घेईल, "हे मोडलंस का?" म्हणून बघून येईल. एकदा का त्याची खात्री पटली की बाकीचं आवरायला तो कुरकुरत का होईना पण येतो. ट्रेवर न मावणारा खेळ असेल तर, उदाहरणार्थ खुर्च्या-चादरींचं घर, त्याला मुदत द्या: उद्या दुपारच्या आवरत्या वेळेपर्यंत. मुदत आधी सांगितलेली असेल तर भांडण अर्ध्यावर येतं.

स्वयंपाकघराचं लवकर उरकते. एकदा एका घरी दुपारी चार वाजता मी सहज ओट्यावरचे पेले मोजले होते. मुलं दोन, पेले अकरा. तहान लागली की नवा पेला. प्रत्येकाला स्वतःच्या रंगाचा एकच पेला आणि एकच बाटली द्या, बाकीचे वरच्या फळीवर चढवा. पेला घाण झाला तर विसळायचा, कारण दुसरा नाहीच. खाऊचंही तसंच. त्यांच्या हाताच्या उंचीवर एक कप्पा, त्यात आजचा वाटा. सकाळी एकदा भरायचा, संपला की संपला. दिवसातून पंधरा वेळा "आई, काही खायला?" ऐकायचं वाचेल, आणि तुमची मीटिंगही.

मीटिंगवरून आठवलं. "मला न विचारता काय काय करता येईल" अशी यादी मुलांसोबत बसून बनवा आणि फ्रिजवर लावा. मुलीसाठी चित्रांची. बंद दारावर लाल कागद असेल तर फक्त रक्त, आग आणि दारावर आलेला माणूस एवढ्यासाठीच टकटक करायची. मुलांना ही यादी भयंकर आवडते, ती आणखी भर घालतील.

धुणं, टॉवेल, ओले कपडे यांना दरवाजाजवळ प्रत्येकी एक टोपली, बस. घरात शिरताच चेंडू, चपला, टोपी तिथे पडली तर पुढच्या खोल्या वाचतात. त्या टोपलीत आत काय गोंधळ आहे हे बघायला जाऊ नका.

या निमित्ताने एक काम मात्र मुलांवर सोडू नका. घर लावताना प्रत्येक घरात एक खण निघतो: जुन्या चाव्या, खिळे, वायरी, रिमोटातून काढलेल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या. मुलं आवरायला लागली की तो खण त्यांच्या हाती लागणारच. तशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. तसा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्यायचं. तो खण आजच रिकामा करा, बॅटऱ्या उंचावर कुलपात. आणि खणांचं उंच कपाट भिंतीला पट्टीने घट्ट केलेलं आहे का बघा. एका वेळी दोन-तीन खण उघडून त्यावर पाय देऊन वर चढणं हा मुलांचा आवडता उद्योग, आणि कपाट तोंडावर येतं. जड वस्तू खालच्या खणात, आणि मुलांना हवीशी वाटेल अशी कोणतीच वस्तू कपाटाच्या डोक्यावर नको.

आता सवयीचं. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे वाचायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 प्रौढ माणसांना रोजची एक साधी गोष्ट करायला सांगून हे पाहिलं होतं. ती आपसूक व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. ही मोठी माणसं, स्वतःहून ठरवून करणारी. तुमची सुट्टी 66 दिवसांचीही नसेल. तेव्हा सुट्टी संपेपर्यंत मुलं आपणहून आवरायला लागतील ही अपेक्षा काढून टाका. रोज गाणं लावावं लागेल, रोज उठवावं लागेल, शेवटच्या दिवशीसुद्धा. ते तुमचं अपयश नाही. दात घासायलाही आपण सात-आठ वर्षं सांगतच असतो.

जे केलंय ते मात्र राहू द्या. मुलगा टॉवेलांच्या घड्या घालू शकतो, मुलगी मोज्यांच्या जोड्या लावू शकते, चमचे पुसून ठेवू शकते. घडी वाकडी आली तर ती तशीच कपाटात जाऊ दे. त्याच्या देखत उलगडून पुन्हा घातलीत तर पुढच्या वेळी तो बोलावूनही येणार नाही, आणि मी त्याच्या बाजूने असेन.

आणि तुम्ही जवळजवळ ओझरतं लिहिलंय, "नवऱ्याला पसारा दिसतच नाही." त्याला दिसत नसेल, पण तुमच्या अंगावर तो चढतो, हे तुमचं मनाचं काही नाही. लॉस एंजेलिसमध्ये 30 जोडप्यांना स्वतःचं घर फिरून दाखवायला सांगून, त्यांचे शब्द टिपून एक अभ्यास झाला होता, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या बोलण्यात घराबद्दल "पसारा", "अर्धवट राहिलंय" असे शब्द जास्त येत, त्यांच्या शरीरातलं ताणाशी निगडित कॉर्टिसॉल दिवस उतरताना जेवढं उतरायला हवं तेवढं उतरत नव्हतं. तेव्हा "थोडी मदत कर" असं म्हणू नका. मदत मागितली की कामाचा हिशोब तुमच्याच डोक्यात राहतो. संध्याकाळची आवरती वेळ पूर्ण त्याची करा. गाणं तो लावेल, जमिनीवर तो बसेल, काय राहिलं हेही तोच ठरवेल. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत, दार लावून. दुपारची तुमची. पहिल्या आठवड्यात त्याची रीत तुम्हाला बघवणार नाही, म्हणूनच दार लावायचं.

वेळापत्रकाचं एवढंच राहिलं: वह्या, चित्रं, शाळेतून आलेले कागद सुट्टीच्या सुरुवातीलाच निवडायला हवे होते, तर ते या शनिवार-रविवारी उरका. मुलांना प्रत्येकी दहा कागद ठेवायची मुभा, बाकीच्यांचा फोटो. कपडे आणि बूट मात्र आत्ता बघू नका. वाढत्या वयात दीड-दोन महिन्यांत पाय केव्हा एका मापाने पुढे जाईल याचा नेम नसतो. ते मोजायचं शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असताना.